मामांचं डोकं विलग होतं

मामांनी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली आणि निवृत्त झाल्यावर बटणांचा इतिहास लिहायला घेतला. संगणकावर 'अंतिम', 'खरंच अंतिम', 'आता पुरे' अशा एकोणीस फायली साठल्या, तेव्हा भाचीने त्यांना आपल्या कंपनीचं सॉफ्टवेअर बसवून दिलं. ते प्रत्येक बदल सांभाळून ठेवायचं. हवी ती जुनी प्रत पुन्हा उघडता यायची.

मंगळवारी सकाळी मामांनी महिन्यापूर्वीची प्रत उघडली आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली : 'इशारा. डोके विलग अवस्थेत आहे.'

मामी तीस वर्षं नर्स होत्या. त्यांनी मामांच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला, मान डावी-उजवीकडे वळवून पाहिली.

"डोकं जागेवर आहे," त्या म्हणाल्या. "भाचीला फोन लावा."

भाची ऑफिसात होती. "मामा, डोकं म्हणजे तू कुठल्या प्रतीवर आहेस त्याची खूण. तू जुनी प्रत उघडून बसलायस, एवढंच."

"मग तसं लिहायला काय झालं होतं? कुठल्या शहाण्याने लिहिलंय हे?"

"मी," भाची म्हणाली.

मामींनी फोन हातात घेतला. "त्यांनी काल लिहिलेलं गेलं का गं?"

"नाही मामी, सगळं सुखरूप आहे."

"मग ते आधी सांगावं. आम्ही नातेवाइकांना आधी सांगायचो, पेशंट बरा आहे. पाय मोडल्याचं मागाहून."

भाचीला ते पटलं, पण तिच्या साहेबांना पटेना. "आपले ग्राहक हुशार आहेत, त्यांना कळतं," ते म्हणाले. मग भाचीने दोघांना ऑफिसातच आणलं. मामा सगळे संदेश छापून घेऊन लाल पेनाने तपासायला बसले. मामी टेबलाटेबलाशी स्टूल ओढून विचारू लागल्या, "हे आलं की तुम्ही काय करता?" बहुतेकांनी सांगितलं, बंद करून पुन्हा चालू करतो. एक जण म्हणाला, जेवायला जातो.

साहेबांच्या पडद्यावर नेमकं तेव्हाच आलं : 'संघर्ष. विलीनीकरण अयशस्वी.'

"म्हणजे काय हो?" मामींनी विचारलं.

साहेबांनी चष्मा पुसला. "म्हणजे मी कुणाला तरी बोलावतो."

त्या दुपारी त्यांनी संदेश बदलायची परवानगी दिली. नवा संदेश मामांनी लिहिला : 'काहीही हरवलेलं नाही. तुम्ही आणि तुमच्या सहकाऱ्याने एकच ओळ बदलली आहे. दोन्ही ओळी खाली आहेत. कोणती ठेवायची ते दोघं मिळून ठरवा.' शेवटी त्यांनी 'भांडू नका' असंही घातलं. भाचीने ते खोडलं. मामांनी समासात 'राहू द्या' लिहिलं, आणि खोडलेलं छापखान्यातल्या शिस्तीने तसंच पुढे गेलं.

आठवड्याभरात मदतीसाठी येणारे फोन निम्म्यावर आले. तक्रार एकच आली. कुणीतरी विचारलं होतं, आम्ही भांडतोय हे तुम्हाला कुणी सांगितलं?

साहेबांनी मामींना दर गुरुवारी यायची विनंती केली. मामांना कुणी बोलावलं नाही. ते दोन दिवस फुगून बसले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांच्या विनंतीपत्रातल्या सात चुका दुरुस्त करून ते टपालाने परत पाठवलं.