शिवेबाहेर सांगायचं नाही

सकाळचे आठ वाजले की सावद्याच्या चौकात पन्नास-साठ माणसं मोबाइल हातात घेऊन उभी राहत. कुणी हूं की चूं करायचं नाही. मग टिंग व्हायचं. "आज जळगावात सोनं चढणार!" आणि संध्याकाळी सोनं चढलेलंच असायचं. एकदा नाही, दोनदा नाही, सलग सहा वेळा संकेत खरा ठरला! सहाव्या वेळी लोकांनी मोबाइलपुढे नारळ फोडला.

हे संकेत पाठवणाऱ्या कनकनाथ महाराजांना कुणी पाहिलेलं नव्हतं. गावाच्या मोबाइल ग्रुपवर त्यांचा फक्त आवाज यायचा. "भक्तांनो, पूर्वी लक्ष्मी घुबडावर बसून यायची, आता ती नेटवर्कवर येते! गरिबाला श्रीमंत करण्यासाठीच हे इंटरनेट अवतरलं आहे!" वा रे महाराज! लक्ष्मी परभारे येणार होती, तर हे मध्ये कशाला उभे होते कोण जाणे.

सातवा संकेत मात्र फुकट नव्हता. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, दुपारी बाराच्या आत पैसे पाठवायचे, महिन्यात दहापट मिळवायचे. आणि एक अट होती. "यातला शब्द गावाच्या शिवेबाहेर गेला, तर त्या घरातलं सगळ्यांत लाडकं माणूस श्वासाला महाग होईल."

हे ऐकताच दिपमालाने आधी लेकीकडे पाहिलं. तिच्या भाविकाला लहानपणापासून दमा. पोरगी बारावी झालेली, नर्सिंगला जायचं म्हणत होती, आणि तिच्या ॲडमिशनचे दोन लाख दिपमालाच्याच खात्यावर होते. नवरा कुंदन केळीच्या गाड्या भरून द्यायचा. तो म्हणाला, "आखाजीला माहेरी जा खुशाल. पण बाराच्या आत पैसे टाक. आणि तिथं तोंड उघडू नको, पोरीची शपथ आहे."

माहेर अमळनेरजवळ. आखाजीला ती भाविकाला घेऊन तिथं पोहोचली. निंबाला झोका बांधलेला, सासरहून आलेल्या लेकी गाणी म्हणत होत्या. धाकटी बहीण सारिका धुळ्याहून, देवपुरातून आली होती. एरवी तिच्या तोंडाला खीळ नसते, पण आज ती भिंतीला टेकून गप्प बसलेली.

"काय व्हयनं वं तुले?" दिपमालाने विचारलं.

सारिकाने इकडेतिकडे पाहिलं आणि हुंदकाच फुटला तिला. "ताई, मले भ्याव वाटस. आमना गल्लीमा एक महाराज व्हता, फोनवर. तीन संकेत खरा निंघनात. शपथ मोडीसन मी एक बाईले सांगी बसनू, तं चौथा खोटा पडना. आन दुसरा दिन मना घरवाला गाडीवरथीन पडनात. मनामुळे!"

दिपमालाला शपथ आठवली. बोलावं तर भाविका, न बोलावं तर ही वेडी जन्मभर स्वतःला दोष देत बसणार. तरी तिने विचारलंच. "चौथा संकेत काय व्हता?"

"पाडव्यानंतरना सोमवार. सोनं पडी म्हणे. आन चढनं."

"आम्हले तं त्याच दिन चढी म्हणीन सांगं!"

दोघींनी तारीख पुन्हा ताडून पाहिली. पाठीमागून सुंदरअक्का पुढे आल्या. या दोघी बहिणींच्या आत्या. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं, आवाज अजून वर्गातलाच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हाक मारली, "बठ्ठ्या बाया इकडे या वं!"

सोळा जणी ओळीत उभ्या केल्या. "आता मी महाराज. या आठ जणींना सांगते, छाप पडेल. या आठ जणींना सांगते, काटा पडेल." रुपया उडवला, काटा पडला. "छापवाल्या खाली बसा. तुमचा ग्रुप बंद, तुमच्यातलीच कुणीतरी पापी!" उरलेल्या आठांच्या पुन्हा दोन वाटण्या केल्या. मग चार उरल्या, मग दोन. शेवटी एकटी सुनिता उभी राहिली.

"चारही संकेत खरे! झाली का नाही कृपा?"

सुनिता हसत होती, पण हात चोळत म्हणाली, "अक्का, समदं माहीत शे, तरी मना अंगवर काटा उना वं!"

"तुले एकटीले आला. सावद्यात अख्ख्या गावाला आला. चौसष्ट गावं धर. अर्ध्यांना चढणार, अर्ध्यांना पडणार. सहा वेळा अर्धी गाळली की एक गाव उरतंच. आणि गावांनी एकमेकांना विचारू नये, म्हणून ती शिवेची शपथ. त्या बाबाने आखाजीचा मुहूर्त पाहिला, पण आखाजीला खान्देशातल्या लेकी शीव ओलांडून माहेरी येतात, हे काही त्याला कुणी सांगितलं नाही!"

बाया खो खो हसल्या. आणि तेवढ्यात झोक्याजवळून खोकला ऐकू आला.

भाविका! छाती धरून वाकलेली, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. दिपमाला धावली. बोलले, मी बोलले! आता पैसे टाकले तरच महाराज माफ करतील! बाराला पाच कमी. तिने मोबाइल काढला, रक्कम टाकली, आता पिन तेवढा राहिला होता.

"मम्मी..." भाविकाने दम्याचा पंप तोंडाला लावला, दोनदा ओढला आणि आईचं मनगट धरलं. "धूळ... धूळ उडाली. गेल्या आखाजीलाही झालं होतं. तेव्हा कुठं होता तुझा महाराज?"

दिपमालाने मोबाइल खाली ठेवला. लेकीच्या पाठीवर हात ठेवून ती बसून राहिली. पाठ वरखाली होत होती. बारा वाजले. पाठ वरखाली होतच होती, हळूहळू संथ झाली. मग दिपमाला मोकळेपणाने रडली, आणि डोळे पुसून तिने कुंदनला फोन लावला. "चौकातच आहात ना? स्पीकरवर टाका. सगळ्यांना ऐकू द्या. मी पैसे पाठवले नाहीत, आणि का ते सांगते."

सारिका फोनवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड विकते. बुलढाण्यापर्यंत ऑर्डर जाते, चार पैसे सुटतात. ती म्हणते, इंटरनेटने गिऱ्हाईक आणून दिलं, पण बिबडे उन्हात बसून मलाच थापावे लागतात. बसल्या जागी दहापट देणारा कुणी भेटला, तर त्याची परीक्षा सोपी आहे. जी गोष्ट दुसऱ्याला सांगायची नाही अशी शपथ घातली जाते, ती भीती वाटली तरी आधी दुसऱ्याला सांगा.