घाला चिमूट, वैद्यबुवा

मी एक जुना लोखंडी खल आहे आणि मला राग फार येतो. मित्रांनो, हे आधीच सांगून ठेवतो. जुन्या वस्तू गोड गोड बोलतात असा तुमचा समज असेल, तर तो काढून टाका. मी तेल्हाऱ्याच्या बाजारात, ओट्यावर, पोटात पाणी घेऊन बसलो आहे. एका माणसावर सूड उगवायचं माझं काम अजून चालूच आहे.

माझा जन्म चांदूर बाजारचा. रऊफ लोहाराने मला भट्टीत लाल केलं, घणाखाली बडवून खोलगट केलं आणि गिऱ्हाइकाच्या हाती देताना म्हटलं, "घेऊन जा वैद्यबुवा, तुमच्या नातवालेही पुरन." ते गिऱ्हाईक म्हणजे तेल्हाऱ्याचे भगवंतराव वैद्य.

काय माणूस होता! अंगात रक्त नसलेल्या, पांढऱ्याफटक पडलेल्या बायांसाठी ते लोहभस्म करायचे. लोखंडाचा कीस तापवायचा, काढ्यात विझवायचा, माझ्यात कोरफडीच्या रसाबरोबर खलायचा आणि बोळक्यात बंद करून गोवऱ्यांच्या आगीत ठेवायचा. पुन्हा खलायचा, पुन्हा आगीत. माझी कंबर मोडायची, पण तक्रार नव्हती. शेवटी प्रत्येक रोग्यासमोर ते वाटीभर पाणी घ्यायचे आणि चिमूटभर पूड अलगद वर सोडायचे. तरंगली तर पुडी बांधायची, बुडाली तर परत आगीत. "बुडते ते कच्चं. कच्चं लोखंड पोटात गेलं का पोट खाते," असं ते सांगायचे. हा रिवाज साऱ्या गावाने डोळ्यांनी पाहिलेला होता.

भगवंतराव गेले आणि वैद्यकी त्यांच्या मुलाकडे, खुशालरावाकडे आली. नेमकी तेव्हाच कापसाची तेजी आली. समुद्रापलीकडे कुठे तरी लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना आमच्या वऱ्हाडचा कापूस हवा झाला आणि इथे माणसांची डोकी फिरली. खुशालराव कापसाची दलाली करू लागला. उरल्या वेळात वैद्यकी! भस्माला एकदाच आग दाखवायची, गड्याने माझ्यात चार ठोके हाणायचे की झालं औषध. पाण्याची वाटी माळ्यावर गेली. "इतक्या गर्दीत कोन वाटी घेऊन बसते!" म्हणे. ती खरखरीत पूड माझ्या पोटाला टोचायची, तर माणसाच्या पोटाचं काय होत असेल? पण मला विचारतो कोण!

गंगूबाई नावाची एक खमकी बाई कापूस वेचणाऱ्या बायांची मुकादमीण होती. तिची लेक तानुबाई बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ सुखरूप, पण तिच्या अंगात रक्त उरलं नव्हतं. पापण्या आतून पांढऱ्या, चार पावलं चालली की धाप, आणि छातीत सारखी धडधड. रिकामा रहाट कसा भरलेल्यापेक्षा भरभर फिरतो, तसं तिचं काळीज रक्तावाचून धावत होतं. खुशालरावाने तिची नाडीसुद्धा धरली नाही. पुड्या बांधल्या आणि दिल्या.

थोड्याच दिवसांत गंगूबाई परत आली. "वैद्यबुवा, तोंडाले लोखंड चाटल्यावानी चव येऊन राह्यली म्हणते. पोट दुखते, उलट्या होते. शौचाले काळं होऊन राह्यलं."

"काळं व्हतेच," खुशालराव म्हणाला. हे मात्र खरं होतं, भगवंतरावांच्या रोग्यांनाही तसं व्हायचं. पण उलट्यांचं काय? ते त्याने ऐकलंच नाही.

"आन छाती पहिल्यापरीस जास्त धडधडून राह्यली."

"मंग अजून काय पायजे तुले? नवं रक्त उसळून राह्यलं, जोर येऊन राह्यला! दुप्पट घे म्हणा."

जोर! अरे, जे पोटात ठरत नाही ते रक्तात काय जाणार, कपाळ? पण दारात बसलेल्या साऱ्या बायांनी माना डोलावल्या. छाती धडधडली म्हणजे अंगात जोर आला, असं त्या दिवसापासून गावभर झालं. तानुबाईने दुप्पट घेतलं. अंगात होतं नव्हतं ते उलटीवाटे गेलं. तरी जोर आला समजून ती आईबरोबर कापूस वेचायला गेली आणि पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळीतच कोसळली. बैलगाडीत घालून आणली, तेव्हा ओठ निळे पडले होते.

गंगूबाई धावत दारात आली, तर खुशालरावाने माझ्याकडे बोट दाखवलं. "माहा काय दोष? हा खल जुना झाला. याचा गंज औषधात उतरला." आणि साऱ्यांसमोर मला उचलून उकिरड्यावर फेकलं.

मित्रांनो, त्याच्या बापाचे हात मी ओळखत होतो. त्याच बापाच्या अंगणात माझ्यावर हा आळ! उकिरड्यात पडल्या पडल्या मी ठरवलं, याला सोडायचं नाही. पण खल काय करणार? वाट पाहणार. मला फार वाट पाहावी लागली नाही.

बाजाराच्या दिवशी गंगूबाईने मला उकिरड्यातून काढलं, घासलं, डोक्यावर घेतलं आणि भर बाजारात खुशालरावापुढे ठेवून काठोकाठ पाणी भरलं.

"तुहा बाप पाण्यावर सोडून दाखवे. तू दाखव. घाल चिमूट."

गर्दी जमली. खुशालराव हसला, कापसाचा भाव काढला, कुणाला तरी हाक मारली. कुणी हललं नाही. शेवटी त्याने पुडी सोडली आणि चिमूट टाकली. पूड सरळ माझ्या तळाशी येऊन बसली. अहाहा! आयुष्यात असं सुख मला मिळालं नव्हतं.

"बाप्पा! बुडालं न!" कुणीतरी ओरडलं.

"आता खाय," गंगूबाई म्हणाली. "माह्या पोरीले दिलं तितकंच खाय."

साऱ्या बाजाराचे डोळे लागलेले. त्याने पुड्या तोंडात रिचवल्या. जरा वेळाने तो पोट धरून खाली बसला, घामाने निथळला. "गंगूबाई, माही छाती धडधडून राह्यली वं!" ते लोखंडाने झालं की भीतीने, मला ठाऊक नाही. ठाऊक करून घ्यायची इच्छाही नव्हती.

गंगूबाई त्याच्यापुढे उकिडवी बसली आणि शांतपणे म्हणाली, "घाबरता काहून, वैद्यबुवा? नवं रक्त उसळून राह्यलं. जोर येऊन राह्यला. अजून एक देऊ?"

बाजार हसला. मी तर आतून खणखणलो.

पण तिचा राग हसण्यावर भागणारा नव्हता. घरी लेक निपचित पडली होती. कच्ची पूड बंद केली, ताक आणि पेज पोटात ठरू लागली, तशी ती डोळे उघडू लागली. मग गंगूबाई मला घेऊन खुशालरावाच्या अंगणात जाऊन बसली. गडी नाही, त्याने स्वतः खलायचं. ऐन तेजीत त्याची दलाली दुसऱ्यांनी नेली आणि तो माझ्यात बत्ता फिरवत राहिला. हाताला फोड आले, फुटले. मी मुद्दाम जड झालो, असं म्हणा हवं तर. पूड पाण्यावर तरंगली तेव्हा ती आधी त्याने खाल्ली, मग तानुबाईला दिली, तीही थोडी थोडी, जेवणानंतर. पापण्यांना लाली यायला कित्येक महिने लागले, पण आली.

तेव्हापासून मी या ओट्यावर आहे. ज्याला लोखंडाचं औषध विकायचं असेल, त्याने आधी माझ्या पाण्यावर चिमूट सोडायची. साचलेल्या पाण्याने मी आतून गंजतो आहे, एक दिवस तळाला भोक पडेल. ज्या गंजाचा खोटा आळ माझ्यावर आला, तो आता खरा लागला आहे. लागू दे. मित्रांनो, तुमची छाती धडधडत असेल आणि कुणी तिला जोर म्हणालं, तर मान डोलावू नका. पोट काय म्हणतं ते मोठ्याने सांगा, दहादा सांगा.

आज बाजार आहे. खुशालरावाचे केस पांढरे झालेत, पण माझ्यापुढे आला की पुडी सोडण्याआधी तो अजून चिमूट बोटांत दोनदा चोळून पाहतो. तानुबाई माझ्यात ताजं पाणी ओतते, पदराला हात पुसते आणि म्हणते, "घाला चिमूट, वैद्यबुवा."