देवयानीची काच

तातेरावांनी डोळा भिंगाला तसाच चिकटवून ठेवला आणि चावी केसभर फिरवून सरकलेला तारा पुन्हा भिंगातल्या फुलीवर आणला. हा तारा फुलीवर असला की दुर्बीण देवयानीवर. तो हलला की त्या दीर्घिकेचा फोटो पुसट. मान आखडली होती, डासांनी पाय फोडून काढले होते.

नऊ वर्षं हेच चाललं होतं. तारा धरायचा तातेरावांनी आणि फोटोच्या काचेवर नाव पडायचं वेधशाळेच्या साहेबांचं. आता राज्यांची नव्याने वाटणी झाली आणि तातेराव मुंबई राज्याच्या वाट्याला गेले. परवापासून औरंगाबाद, जमाबंदीची कचेरी! तिथे कसली आली दुर्बीण? म्हणून साहेबांच्या हातापाया पडून त्यांनी ही एक रात्र आणि ही एक काच मागून घेतली. एक तरी देवयानी आपल्या नावाची हवी होती. तर मेले ढगच एक वाजेपर्यंत हटले नाहीत.

तीन वाजता डार्करूमचे जहाँगीर अली काच धुवायला न्यावी म्हणून वर आले. काचेपुढची झडप बंद करायला तातेरावांनी हात घातला. झडप बंदच होती. दोन तास ती उघडलीच नव्हती.

"क्या हुआ जी?"

"झडप साहेब ओढायचे," तातेराव म्हणाले. "रोज साहेबच ओढायचे. मी आपला तारा धरून बसायचो."

त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"काच तो कोरीच है ना? कल खेंचो."

"उद्या कुठला? सकाळी काचीगुड्याहून गाडी आहे माझी."

देवयानी चिंचेच्या शेंड्याला टेकायला वीसेक मिनिटं उरली होती. तेवढ्यात काचेवर फार तर एक पुसट डाग उमटतो, हे तातेरावांना साहेबांपेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी त्यांनी झडप ओढली. मग ते तारा धरून बसले, फांद्या आड येईपर्यंत.

झडप लावून त्यांनी पिशवी उचलली.

"काच धुवू नका, अलीभाई. साहेबांना म्हणावं, वीस मिनिटं झालीत. बाकीचा उजेड उद्या परवा याच काचेवर द्या."

"हौ. नाम किसका लिखूँ?"

तातेराव जिना निम्मा उतरले होते.

"साहेबांचंच लिहा. पण माझी ती वीस मिनिटं हिशेबात धरायला सांगा."