गहाळराव

पोलीस चौकीतल्या कारकुनाला सगळे गहाळराव म्हणत, आणि त्यालाही त्या नावाचं कौतुकच होतं. त्याच्या टेबलावर दोन पुस्तकं असत. एक चोरीच्या तक्रारींचं, दुसरं वस्तू गहाळ झाल्याच्या दाखल्यांचं. पहिल्यावर धूळ बसायची, दुसरं महिन्याभरात संपायचं. कारण साधं होतं. चोरी लिहिली की ती आकड्यात धरली जाते, तपास करावा लागतो, वरून विचारणा होते. गहाळ झालेल्या वस्तूला कोण विचारतो?

माणूस रडकुंडीला येऊन सांगायचा, माझा मोबाईल चोरला. गहाळराव त्याच्यापुढं पाण्याचा पेला सरकवायचा आणि गोड आवाजात विचारायचा, "चोराला पाहिलंत?"

"नाही."

"मग चोरला कशावरून? पडला असेल कुठंतरी. गहाळ लिहू? पाच मिनिटांत शिक्क्यासकट दाखला देतो. चोरी लिहायची तर बसा संध्याकाळपर्यंत."

ज्याला नवं सिमकार्ड हवंय तो संध्याकाळपर्यंत कशाला बसतोय! दाखला घेऊन, वर आभार मानून जायचा. अशा रीतीनं तीन वर्षांत त्या वस्तीतल्या चोऱ्या निम्म्यावर आल्या. चोरांना याचा पत्ताही नव्हता, ते आपले नेमानं कामावर येत होते. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. साहेबांनी भिंतीवर उतरत्या रेषेचा तक्ता लावला, आणि शहरातली सर्वांत सुरक्षित वस्ती म्हणून पेपरात फोटो छापून आला. साहेबांच्या खांद्यामागे गहाळरावाचा अर्धा कान दिसत होता.

ते कात्रण घेऊन तो ताईकडे गेला. ताई त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच लोकांचे कपडे शिवून त्याला लहानाचं मोठं केलं, शिकवलं, नोकरीला लावलं. मेहुणे गेल्यापासून ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटीच राहत होती आणि संध्याकाळ झाली की कडीकोयंडा घालून बसायची.

"आमच्या वस्तीत ये," तो म्हणाला. "दार सताड उघडं टाक, काडीला कुणी हात लावणार नाही."

"तू म्हणतोस म्हणजे झालं," ताई म्हणाली, आणि शिलाई मशीन घेऊन तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आली.

तिसऱ्या महिन्यात तिची मोठी कात्री दिसेनाशी झाली. मग खिडकीतलं घड्याळ. गहाळराव हसला. "काखेत कळसा नि गावाला वळसा! वय झालं ताई तुझं." ताईही हसली. पुढच्या आठवड्यात कपडे पोचवून परत आली तर चार्जिंगला लावलेला मोबाईल नाही. या वेळी ती हसली नाही.

"अरे, मी इथंच ठेवला होता. मला पक्कं आठवतंय."

आता इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, तिच्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. त्याला कळलं नव्हतं असं नाही. ताईच्याच गल्लीतले अकरा दाखले त्यानं स्वतःच्या हातानं लिहिले होते. सगळी घरं तळमजल्यावरची, सगळी वेळ दुपारची, सगळ्यांची मागची खिडकी. पण चौकीची तपासणी तोंडावर आली होती, आणि चोरी कुणाकडे, तर खुद्द कारकुनाच्या बहिणीकडे! त्यानं पाण्याचा पेला तिच्यापुढं सरकवला आणि म्हणाला, "नीट आठवून बघ. तूच ठेवला असशील कुठंतरी."

ताई बिचारी आठवत बसली. वीस वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकाचं माप तोंडपाठ सांगणारी ही बाई, ती खणाखणावर चिठ्ठ्या चिकटवायला लागली. सुया इथं. चष्मा इथं. शेजारणीच्या फोनवरून त्याला विचारायची, "आज मंगळवारच ना रे?" तो "हो" म्हणायचा आणि कामाच्या गडबडीत फोन ठेवायचा.

मग एका गिऱ्हाइकाचं कोटाचं कापड गेलं. निरोप आला तसा गहाळराव तिच्याकडे धावला. मशीनवर चादर पडली होती. ताई लोकांची कापडं घडी घालून, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी टाचून, परत द्यायला ठेवत होती.

"हे काय चाललंय?"

"दुसऱ्याचं कापड हरवणाऱ्या बाईनं शिवण घेऊ नये," ती म्हणाली. "तू वेळेवर सांगितलंस ते बरं केलंस. नाहीतर मी आपली समजत होते, मला आठवतंय तेच खरं."

तो मागच्या खोलीत गेला. खिडकीच्या कडीचे स्क्रू उचकटले होते, चौकटीचा रंग ताजा खरवडलेला होता. आंधळ्यालाही बोट लावून कळलं असतं. इतक्या महिन्यांत त्यानं त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की बाहेर ताईसमोर यायलाच त्याला वेळ लागला.

तो तडक चौकीत गेला आणि चोरीचं पुस्तक उचललं.

"ते घेऊन कुठं निघालास?" साहेब ओरडले. "परवा तपासणी आहे!"

"चोरी लिहायला," तो म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदा साहेबांचं पुढचं बोलणं न ऐकता बाहेर पडला.

ताईच्या टेबलावर बसून त्यानं लिहिलं. कात्री, घड्याळ, मोबाईल, कोटाचं कापड. वर ठळक अक्षरात, चोरी. पुस्तक तिच्यापुढं केलं, पण वर बघायचा धीर होईना.

"ताई, तू काहीही विसरलेली नाहीस. तुझ्याकडे चोरी झालीय. मला माहीत होतं, तरी मी तुलाच वेड्यात काढलं. या गल्लीत अकरा घरं फुटली, ती सगळी मी गहाळ म्हणून लिहिली. ती मागची खिडकी बघ, उचकटलीय. सही कर."

"ती होय? मीच ओढली असेल जोरात." ताईनं चष्मा लावून सगळं सावकाश वाचलं. मग लहानपणी तापात फिरवायची तसा त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "मला बरं वाटावं म्हणून करतोयस. कळतं रे मला."

"नाही गं ताई! आईशप्पथ खरं सांगतोय."

"शपथ नको घेऊस." तिनं पेनाला टोपण लावलं आणि पुस्तक मिटून त्याच्या हातात दिलं. "जन्मभर खरं लिहीत आलास. आता माझ्यासारख्या विसराळू बाईपायी खोटं नको लिहूस."