तिसऱ्या खोलीचं दार

“ही काच कुणी चिकटवली इथे?” मुकादमाने शिडीखालून विचारलं.

“मी,” गवंडी वरूनच म्हणाला. “भेगेवर आडवी, दोन्ही टोकांना सिमेंट लावून. भेग मेलेली असली तर काच शाबूत राहते. जिवंत असली तर तडकते.”

“मग?”

“तडकली. चार दिवसांत.”

“काका, उद्या अकरा वाजता मदत देणाऱ्या देशाचा राजदूत शाळेची फीत कापणार आहे. आज दुपारी रंगारी येतोय. मुकाट्याने पुट्टी भरा. काचा कसल्या लावत बसलात, खिडकी आहे का ती?”

“भिंत खचतेय. खाली खड्डा आहे.”

“झालं! पुन्हा तुमचा खड्डा!”

खड्डा त्याच्या एकट्याचा नव्हता. युद्धाच्या दुसऱ्या वर्षी इथे बॉम्ब पडला आणि अख्खं घर मावेल एवढं भगदाड झालं. त्यात पाणी साचून एक म्हातारा बुडाला, तेव्हा गल्लीने ते बुजवायला घेतलं. चार दिवस सगळ्यांनी पाट्या वाहिल्या. पडलेल्या घरांच्या विटा, कपाटं, गाद्या, हाताला लागेल ते आत लोटलं. गवंड्याच्या धाकट्या भावाचं घर सगळं त्यातच गेलं. असल्या भरावावर कोंबड्यांचं खुराडंसुद्धा बांधू नये.

हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मदत देणाऱ्या देशाची इंजिनिअरबाई जमीन तपासायला आली होती. यंत्र जिथे नीट उभं राहील तिथे, म्हणजे रस्त्याच्या कडेला, तिने तीन भोकं पाडली. तिन्हींत पक्की माती लागली. गवंडी पुढे झाला आणि खड्डा कुठून कुठवर होता ते त्याने पावलं टाकून दाखवलं. दुभाष्या बराच वेळ बोलला. बाई गोड हसली, तिने वहीत काहीतरी लिहिलं.

“काय म्हणाल्या?” गवंड्याने विचारलं.

“तुमची कळकळ त्यांना फार आवडली.”

नकाशा त्यांच्या देशातून मंजूर होऊन आला होता. बदलायचा तर आणखी आठ महिने. बाकांवर, फळ्यांवर, पार झाडूच्या दांड्यांवरसुद्धा त्यांचा झेंडा छापून आला. पायाला मात्र एकोणीस दिवस मिळाले. आणि तो पाया गवंड्याने घातला. त्याचा सगळा राग फिरून फिरून इथेच येऊन अडायचा. थापी त्याच्याच हातात होती.

पुट्टी न भरताच तो घरी आला. लेक नातीच्या दप्तराचा पट्टा शिवत होती. त्याने तिला सगळं सांगितलं.

“बाबा, तीन वर्षं पोरं तंबूत बसताहेत,” ती म्हणाली. “तुम्ही तोंड उघडलंत आणि ते लोक रागावून निघून गेले तर? सगळी गल्ली आपल्या दारात येईल.”

“आपल्या पोरीला कितवी खोली दिलीय?”

लेकीने दाताने दोरा तोडला. “तिसरी.”

“तीच ती. पाऊस लागला की बसेल.”

“तुम्हाला काय कळतं त्यातलं? इंजिनिअर आहात तुम्ही?”

त्यालाही कधीकधी तसंच वाटायचं. शिकल्यासवरल्या माणसांनी तपासलेली जमीन, तिथे आपण कोण लागून गेलो? पण ती तडकलेली काच आठवली की डोकं पुन्हा फणफणायचं.

फटफटायला लागलं तेव्हा तो शाळेच्या आवारात होता. उरलेल्या विटा होत्या, दोन गोणी सिमेंट होतं. त्याने माल कालवला, तिसऱ्या खोलीच्या दारात दोरी ताणली, ओळंबा सोडला. हाताला चांगल्या कामाची सवय. रागातसुद्धा थर वाकडा जाईना. नऊ वाजता दाराच्या जागी भिंत होती; पाणी मारून पक्की करायची तेवढी राहिली.

“अहो, हे काय करून ठेवलंत!” मुकादमाने कपाळावर हात मारून घेतला. पण पाडायला वेळ नव्हता, आणि पाहुण्यांना ढिगारा दाखवण्यापेक्षा भिंत बरी. त्याने तिच्यावर स्वागताचा मोठा फलक टांगला. राजदूताने फीत कापली आणि त्याच फलकासमोर मुलांच्या खांद्यांवर हात ठेवून फोटो काढून घेतले. कागदावर खोल्या सहा होत्या, दारं पाच उघडत होती. एकानेही मोजली नाहीत.

गाड्या गेल्या तसा मुकादमाने फलक खेचून काढला आणि घण आणला. मागे गल्ली जमली.

“सरका, काका.”

गवंडी भिंतीपुढे मांडी घालून बसला होता. “आधी माझ्या डोक्यात घाल.”

“फिरलंय म्हाताऱ्याचं,” कुणीतरी म्हणालं. “पोरांची खोली खाल्ली याने.”

“खाल्ली! हो, खाल्ली!” गर्दीतल्या एकेकाकडे बोट दाखवत तो ओरडला. एवढा आवाज त्याच्यात आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं. “पाया मी घातला, मीच बंद केली. आणि खड्डा भरायला कोण कोण होतं? तुझी आई होती. तू होतास, पाटी माझ्या हातात देत होतास. काय काय टाकलं आत, सांग की यांना! तेव्हा सगळे होतात, मग त्या बाईपुढे मी एकटाच कसा बोललो?”

मुकादमाने घण जमिनीवर टेकवला, पण दांडा सोडला नाही.

लेक गर्दीतून पुढे आली. तिने बापाकडे बघितलंही नाही. नाकाच्या शेंड्यावर राग तसाच होता. नळावरून बादली भरून आणून तिने ती मुकादमाच्या पायाशी ठेवली. मग उन्हाने पांढुरक्या पडू लागलेल्या सांध्यांवर वरपासून खालपर्यंत, ओंजळी ओंजळीने, ती पाणी मारू लागली.