विन्स्लोचे डोळे

मार्बलहेड बंदराच्या धक्क्याजवळ खोली घेऊन मी धातूचे बोटभर सैनिक रंगवते. त्यातले जुने मरीन, म्हणजे जहाजावरच्या सैनिकांचे, अधिकारी माझ्या खास आवडीचे: अमेरिकन क्रांतीच्या काळातले, हिरवा कोट, पांढरे कफ, कमरेला तलवार. संग्रह करणारे लांबून येतात आणि हिरवा जरा गडद झाला तरी नाक मुरडतात.

कॅप्टन एल्डन ट्रास्क यांनी मात्र कोटाचा आग्रह धरला नाही. मरीनमधून निवृत्त होऊन त्यांना तीस वर्षं झाली होती.

"हेट्टी, कोट तुझ्या मनानं कर. चेहरा तेवढा विन्स्लोचा हवा."

विन्स्लो त्यांचा तरुणपणीचा दोस्त, एकाच जहाजावरचा. वादळात समुद्रानं नेला.

"फोटो आणलाय?"

"एकच होता, तो त्याच्या आईला दिला. ती गेली, घर विकलं गेलं. आता कुठला फोटो?"

"मग मी काय स्वप्नात बघून रंगवू?"

"मी सांगतो ना! तू ऐक फक्त."

मग ते रोज दुपारी येऊ लागले. बाहेर धुकं इतकं दाट की बंदरातल्या बोटी नुसत्या घंटांवरून ओळखायच्या. कॅप्टन सांगत राहायचे. विन्स्लो बेसूर गायचा, भटारखान्यातून ॲपल-पाय चोरायचा, आईला पत्रात थापा लिहायचा. ऐकता ऐकता मला खोलीच हलके डुलतेय असं वाटायचं. हात आपसूक चालायचा.

"हा बँकेतला कारकून झाला," कॅप्टन म्हणायचे. दुसऱ्या दिवशी, "हा तर पाद्री!" मी मुकाट्यानं रंग पुसायची. असं पाच वेळा झालं.

सहाव्या दुपारी धुकं विरलं. पाण्यावरचं ऊन उसळून छतावर नाचू लागलं, कॅप्टनच्या तोंडावर आलं. बोलता बोलता त्यांनी डोळे बारीक केले.

"हलू नका! विन्स्लो असाच बघायचा का?"

कॅप्टननी डोळे तसेच बारीक ठेवले.

"सगळेच असे बघायचो गं. त्या उन्हात डोळे उघडे कोण ठेवणार? पण तो... तो हसला की डावा डोळा पुरता मिटायचा. विसरलोच होतो मी."

इतके दिवस मी सवयीनं टपोरे डोळे काढत होते. सगळ्यात बारीक ब्रश घेतला, दोन रेघा ओढल्या, गालावर लालसर छटा दिली.

कॅप्टननी त्याला खिडकीशी धरलं. "आलास होय रे, गाढवा," ते हळूच म्हणाले. मग किती तरी वेळ त्याच्याशी बोलत बसले. मी कॉफी ठेवली, मध्ये पडले नाही.

रंग वाळल्यावर मी कापूस घातलेला डबा पुढे केला.

"डब्यात नको," म्हणत त्यांनी त्याला सदऱ्याच्या खिशात उभं ठेवलं, डोकं बाहेर राहील असं.

धक्क्यावरून ते सावकाश चालत गेले. ओठ अजून हलत होते, आणि मध्येच ते मोठ्यानं हसले.