सातव्या मुलाचा धर्मबाप

सहा मुलगे झाल्यावर आमच्या यातई गावातल्या बायका मुलीसाठी मेणबत्त्या लावतात. मी सातव्या खेपेला मुलग्यासाठी लावल्या. लोकांना वाटलं, रुफिनाच्या डोक्यावर परिणाम झाला. पण माझा नवरा तुरुंगात होता, आणि त्याला घरी आणायचा दुसरा रस्ता मला दिसत नव्हता.

माझा नवरा एलिखिओ गावच्या बँडमध्ये ट्युबा, म्हणजे भलामोठा पितळी कर्णा, वाजवतो. स्वातंत्र्यदिनाला जनरल सातुर्निनो ओव्हेलार, म्हणजे आमचे राष्ट्राध्यक्ष, गावात भाषणाला आले होते. त्या आठवड्यात आमच्या सहाव्याला दात येत होते. तीन रात्री तो बापाच्या खांद्यावरून उतरला नव्हता. भाषणाचा दुसरा तास सुरू झाला आणि ट्युबाला तोंड लावूनच एलिखिओ झोपला. जनरल म्हणाले, "आणि मग राष्ट्राने मला हाक मारली..."

ट्युबातून आवाज आला, बोंऽऽ.

अख्खं मैदान हसलं. पकडलं मात्र एकट्या एलिखिओला. गुन्हा, राष्ट्राचा अपमान.

जनरलांचं चरित्र शाळेत पाठ करून घेतात, त्यामुळे ते सगळ्यांना ठाऊक आहे. बूट मिळतात म्हणून सतराव्या वर्षी सैन्यात गेले. शिपायाचे हवालदार झाले, हवालदाराचे होत होत जनरल. एका गुरुवारी रणगाडे घेऊन राजवाड्यात शिरले, तर जुने अध्यक्ष दुपारचे आडवे झालेले. झोपलेल्या माणसाला उठवायची आपल्याकडे रीत नाही. जनरल व्हरांड्यात टोपी मांडीवर घेऊन दीड तास बसून राहिले. म्हातारबुवा उठले, तोंड धुतलं, मग त्यांना पदावरून काढलं. संध्याकाळी रेडिओवर सांगितलं, फक्त नव्वद दिवसांसाठी आलोय. त्याला आता अकरा वर्षं झाली.

तर सातव्या मुलाचं असं आहे. ओळीने सात मुलगे झाले की सातवा लुइसोन होतो, म्हणजे दर शुक्रवारी कुत्र्याचं रूप घेऊन स्मशानात हिंडतो. त्याला उपाय एकच, राष्ट्राध्यक्षांनी बाप्तिस्म्यात त्याचा धर्मबाप व्हायचं आणि पोराला त्यांचंच नाव द्यायचं. तसा कायदाच आहे. आणि धर्मबाप झाला की तो आणि पोराचा बाप एकमेकांचे कंपाद्रे, आई कोमाद्रे. सख्ख्या भावाशी भांडलेलं चालतं, कंपाद्रेशी नाही. त्याला तुरुंगात ठेवणं तर लांबच.

मुलगा झाला. इवलासा, कपाळाला आठ्या, मूठ गच्च मिटलेली. मी राजधानीला पत्र टाकलं.

तिकडून एक कर्नल आला. हातात शिक्क्याचा कागद. "जनरलसाहेबांच्या वतीने मी उभा राहीन."

"मग आमचे कंपाद्रे कोण? तुम्ही की ते?"

"कागदावर ते."

"माझा नवरा कागदावर तुरुंगात असता, तर मीही कागदावर भागवलं असतं."

सासूबाई मक्याची कणसं सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "साहेब, बाप्तिस्म्यात खोट राहिली तर पोर कुत्रा होणार. नाव त्याचं सातुर्निनो. गाव काय म्हणेल? ऐका गं, सातुर्निनो भुंकतोय."

कर्नलने पुढ्यातला चिपा, आमचा चीजचा पाव, खाल्लाच नाही. तिसऱ्या रविवारी जनरल स्वतः आले.

चर्चमध्ये त्यांनी बाळ असं धरलं होतं, जसा पिन काढलेला हातबाँब. घाम नाकावरून ओघळत होता. पाद्रीबाबांनी पाणी घातलं, बाळाने सगळ्यांना शिव्या दिल्या, आणि बाबा म्हणाले, "आता कंपाद्रेंनी मिठी मारावी."

मी बाळ घेतलं. जनरलांनी हात पसरले. समोर कोणी नाही.

"बाप कुठाय?"

मीच म्हटलं, "कंपाद्रे, ते तुमच्याकडेच असतात की. आठ महिने झाले."

"माझ्याकडे? कुठल्या खात्यात?"

"तुरुंगात."

कर्नल त्यांच्या कानाशी लागला. जनरलांचे कान लाल झाले. "तो ट्युबावाला?"

वाटलं, गेलं सगळं. पाद्रीबाबा ऐंशीचे, त्यांना कुणाचीच भीती राहिलेली नाही. म्हणाले, "मिठीशिवाय विधी पुरा होत नाही बरं. बघा बुवा."

जनरल माझ्याजवळ वाकले. "कोमाद्रे, कुठे बोलू नका. दुसऱ्या तासाला माझाही डोळा लागला होता, उभ्या उभ्या. त्या आवाजाने जागा झालो, नाहीतर मंचावरून पालथाच पडलो असतो." मग खड्या आवाजात, "गाडी पाठवा!"

तुरुंग चार तासांवर. तोवर देशाचे अध्यक्ष आमच्या अंगणात आंब्याखाली बसले. तेरेरे, म्हणजे आमचा पाल्याचा गार चहा, प्यायले. सासूबाईंनी दोनदा पाय आखडून घ्यायला सांगितलं, त्यांनी घेतले. फोटोवाल्याच्या आग्रहाने बाळ पुन्हा त्यांच्या हातात दिलं आणि तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली.

एलिखिओ उतरला. इतका वाळलेला की शर्ट नुसता टांगल्यासारखा. जनरल बाळासकट उठले. "कंपाद्रे!"

एलिखिओने त्यांच्याकडे बघितलंच नाही. "मान!" तो ओरडला. "मान धरा त्याची! लोंबतेय!"

कर्नलचा हात पिस्तुलाकडे गेला.

जनरल घाबरून म्हणाले, "अशी?"

"अजून वर. पंजा पसरा. अहो, कलिंगड आहे का ते? द्या इकडे!"

दिलं. एलिखिओने सातव्याला छातीशी घेतलं, टाळूवर नाक ठेवलं आणि तसाच उभा राहिला. आठ महिन्यांत मी रडले नव्हते, तेव्हा रडले. बाळाने मूठ उघडून त्याच्या शर्टाची गुंडी पकडली.

"मिठी राहिली, कंपाद्रे," जनरल हात पसरून म्हणाले.

"थांबा जरा," एलिखिओ म्हणाला.

आणि ते थांबले.